टाकणखार, तार आणि चिमूटभर मोरचूद: काचेला रंग कुठून येतो ते घरीच करून बघा

मामाची सराफ बाजारात छोटीशी पेढी आहे, मागच्या खोलीत कारागीर बसतात. दिवाळीच्या आधी मी तिथे चहा पीत बसले होते आणि एक कारागीर मंगळसूत्राच्या वाटीला डाक लावत होता. टाकणखार चोपडला, टॉर्च मारली, पावडर आधी लाहीसारखी फुगली, मग बसली आणि पाण्यासारखी पातळ होऊन चकाकायला लागली. वाटी गार झाल्यावर बघते तर सांध्याजवळ हिरवट निळ्या काचेचा पापुद्रा. मी विचारलं, मामा ही काच कुठून आली? मामा म्हणाला, "काच कसली गं, टाकणखारच आहे तो. तांबं खातो आणि हिरवा होतो. आता तेजाबाच्या पाण्यात टाकला की जाईल."

मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय, बोरॅक्स बीड टेस्ट (बोरॅक्स म्हणजे टाकणखारच, त्याचा वितळवलेला मणी कुठल्या रंगाचा होतो त्यावरून धातू ओळखायचा) जर्नलमध्ये तीनदा लिहिलीय, पण तांबं खातो आणि हिरवा होतो इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं. मग घरी बसून सगळे धातू एकेक करून बघितले, चुका पण भरपूर केल्या, तेच इथे सांगते. हातात चार-पाच संध्याकाळी असतील तर तुम्हालाही जमेल.

आधी घरातली काच बघून घ्या

खिडकीची काच समोरून पारदर्शक दिसते ना, आता तिच्या कापलेल्या कडेकडून बघा, हिरवी दिसेल. हे लोखंड. काच वाळूपासून होते आणि वाळूत लोखंड असतंच, साध्या खिडकीच्या काचेत आयर्न ऑक्साइड ०.१ टक्क्याच्या आसपास असतं. समोरून उजेडाला चार-पाच मिलिमीटर काच पार करायची असते म्हणून कळत नाही, कडेकडून फूट दोन फूट असते म्हणून हिरवं दिसतं. फिश टँकवाले एक्स्ट्रा क्लिअर म्हणून जी महाग काच विकतात तिच्यात हेच लोखंड फार कमी असतं, बाकी जादू काही नाही.

मग खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली बघा. त्यातही लोखंडच, पण सोबत गंधक आणि कोळसा घालून केलेलं. भट्टीत कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो, गंधकाचा सल्फाइड होतो, आणि लोखंडाच्या आयनभोवती (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन बसलेला अणू) जे चार ऑक्सिजन असायला हवेत त्यातल्या एकाच्या जागी सल्फाइड येऊन बसतो, तेवढ्याने हिरव्याचं एकदम मधाच्या रंगावर जातं. एक शेजारी बदलला बास. आपल्या नाशिकच्या वाईनच्या हिरव्या बाटल्या असतात त्यांच्यात मुख्यतः क्रोमियम आणि थोडं लोखंड. तपकिरी बाटली निळा आणि अतिनील उजेड जवळजवळ सगळा अडवते, हिरवी तेवढा अडवत नाही, त्यामुळे हिरव्या बाटलीतली वाईन उन्हात ठेवू नका.

आणि एखादी काळी बांगडी फुटली असेल तर तिचा बारीक कपचा चिमट्यात धरून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. पातळ कडेला बऱ्याचदा जांभळा किंवा निळा दिसतो, कारण काळी काच म्हणजे खूपदा नुसती रंग जास्त झालेली काच असते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

टाकणखारच का

खऱ्या काचेसाठी वाळू वितळवावी लागते आणि नुसती वाळू १७०० अंशाच्या वर वितळते. सोडा घातला की हे तापमान खाली येतं, पण मग ती काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालायचा, आणि हे सगळं करूनही बाटलीच्या भट्टीला १५०० च्या आसपास अंश लागतातच. घरी विसरा. टाकणखार मात्र पाणी उडून गेल्यावर ७४३ अंशाला वितळतो आणि गार होताना स्फटिक न होता सरळ काच होतो. साधी ब्यूटेनची टॉर्च त्याला पुरते. आणि धातूंचे ऑक्साइड तो स्वतःत विरघळवून घेतो, सोनार त्यासाठीच तर वापरतात, सांधा स्वच्छ व्हावा म्हणून.

सामान

टाकणखार सराफी सामानाच्या दुकानात मिळतो. पन्नास ग्रॅम आयुष्यभर पुरेल. इथे माझी पहिली फजिती झाली, एका दुकानदाराने टाकणखार म्हणून तुरटीची पूड दिली. तुरटी पण तापवल्यावर अगदी तशीच लाहीसारखी फुगते, त्यामुळे मला वाटलं बरोबर चाललंय, पण ती फुगते आणि तशीच पांढरी खडखडीत राहते, वितळून काच काही होत नाही. मी अर्धा तास टॉर्च मारत बसले आणि गॅस संपवला. तेव्हा घेतल्यावर आधी चिमूटभर तापवून बघा, आणि चव बिव अजिबात घेऊ नका.

तार नायक्रोमची, २४ किंवा २६ गेज. शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडे वीतभर मागा, बहुतेक फुकटच देतो. टॉर्च किचनवाली चालते.

मोरचूद तर नाशिकमध्ये शोधायचाही प्रश्न नाही, निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबाग असलेल्या कुणाच्याही घरी असतो, नाहीतर कृषी सेवा केंद्र. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हे झालं तांबं. लोखंडासाठी हिराकस, तोही तिथेच फेरस सल्फेट म्हणून मिळतो. मँगनीजसाठी पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे, औषधाच्या दुकानात विचारा. कोबाल्ट क्लोराइड मात्र लॅब केमिकलच्या दुकानातूनच आणावं लागतं, आणि ते विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. शिवाय कल्हईवाल्याकडून कथलाचा मोहरीएवढा तुकडा आणून ठेवा, कशाला ते पुढे सांगते. क्रोमियमसाठी डायक्रोमेट वापरा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, मी सांगेन नका वापरू, ते कॅन्सर करणारं आहे आणि एका हिरव्या मण्यासाठी एवढी जोखीम कशाला.

डोळ्याला गॉगल हवाच हवा. सुती कपडे, केस बांधलेले, खिडकी उघडी, कारण सल्फेट तापल्यावर घशाला झोंबणारा धूर येतो. खाली स्टीलचा जुना ताट किंवा फरशीचा तुकडा ठेवा. पायात बूट, सपाता नाही. वितळलेला मणी तारेवरून कधी गळेल सांगता येत नाही, माझा गळला आणि पाटाला भोक पडलं, आई अजून ऐकवते. लहान मुलांना बघू द्या पण टॉर्च हातात देऊ नका. परमँगनेटच्या खड्यांजवळ ग्लिसरीन किंवा सॅनिटायझर ठेवायचं नाही, पेट घेऊ शकतं.

द्रावण आधी करा, नुसती पूड लावू नका

पुस्तकात लिहिलेलं असतं की मणी गरम असताना क्षाराला टेकवा. मी टेकवला, आणि सगळे मणी काळे झाले. कोबाल्टचा काळा, मँगनीजचा काळा, तांब्याचा पण जवळजवळ काळा. दोन दिवस मला वाटत होतं टाकणखारच खराब आहे. मग वैतागून कोबाल्टचा एक मणी फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडला, फडकं उघडलं, खिडकीशी नेलं, आणि त्या काळ्या चुऱ्यातले जे कपचे अगदी पातळ होते ते असे निळे, पैठणीच्या काठासारखे. म्हणजे रंग होताच, फक्त इतका जास्त होता की उजेड आरपार जातच नव्हता.

म्हणून द्रावण. १ ग्रॅम मोरचूद १०० मिली पाण्यात, बागाईतदार फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण करतात त्यात मोरचुदाचं प्रमाण हेच असतं, फक्त चुना घालायचा नाही. आता हिशोब बघा. मोरचुदात तांबं साधारण एक चतुर्थांश. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिली धरला तर त्यात अर्धा मिलिग्रॅम मोरचूद, म्हणजे तांबं सुमारे ०.१३ मिलिग्रॅम. ३ मिलिमीटरच्या मण्याचं वजन तीसेक मिलिग्रॅम भरतं. म्हणजे एका थेंबात मण्यात तांबं ०.४ टक्का. तेवढंच हवं. हिराकस आणि परमँगनेटचंही असंच एक टक्का करा. कोबाल्टचं मात्र त्याच्याही दहापट पातळ, ०.१ टक्का, कारण कोबाल्टचा रंग अतिशय जोरदार असतो, काचेत शेकडा ०.०५ सुद्धा ठसठशीत निळ्याला पुरतो. बाटल्यांवर नावं लिहा आणि त्या स्वयंपाकघरात ठेवू नका.

मणी करायचा कसा

तारेचं टोक बारीक खिळ्याभोवती गुंडाळून ३ मिलिमीटरचं कडं करा, दुसरं टोक पकडीत धरा. कडं लाल होईपर्यंत तापवा, तसंच टाकणखारात बुडवा, चिकटेल तेवढा घ्या, परत ज्योतीत. आधी फुगेल, वेडावाकडा होईल, त्या वेळी ज्योत जवळ आणलीत तर लाही उडून जाते, म्हणून लांबूनच धरा. फुगणं थांबलं की जवळ आणा, तो आत बसत जाईल आणि वितळेल. असं दोन-तीनदा केलं की कड्यात गोल, पारदर्शक, पाण्याच्या थेंबासारखा मणी बसतो. हा कोरा मणी बिनरंगीच असायला हवा. रंग दिसला तर तार घाण आहे, मणी गरम असतानाच झटका देऊन पाडा आणि नवीन करा. चार-पाच मण्यांनंतर तार काळी पडते आणि तिचाच रंग उतरायला लागतो, तेव्हा टोक कापून टाका.

मणी पूर्ण गार होऊ द्या, घाई करून गरम मण्यावर थेंब टाकलात तर तडकतो. गार मण्यावर एक थेंब द्रावण, लांबून सुकवा, मग पूर्ण वितळवा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवा म्हणजे रंग सगळीकडे पसरतो.

ज्योतीत मणी कुठे धरता यावर अर्धा खेळ आहे. टॉर्चच्या ज्योतीत आत एक गडद निळा सुळका असतो आणि बाहेर फिकट ज्योत. बाहेरच्या ज्योतीच्या टोकाला हवा भरपूर, तिथे धातू ऑक्सिजन घेतो. आतल्या सुळक्याच्या टोकाशी न जळलेला वायू असतो, तो धातूकडून ऑक्सिजन ओढून घेतो. पहिलीला मी वरची ज्योत म्हणते आणि दुसरीला आतली.

तांबं

सुरुवात यानेच करा. वरच्या ज्योतीत गरम असताना हिरवा, गार होताना तुमच्या डोळ्यांसमोर निळा होत जातो, हिरवट निळा, थेट मामाच्या वाटीवरचा. हे कॉपर टू प्लस, म्हणजे तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेत.

आता तोच मणी परत वितळवा आणि कथलाचा अगदी कणभर तुकडा लावून आतल्या ज्योतीत मिनिटभर धरा. गरम असताना रंग नाहीसा होतो! कारण तांबं आता वन प्लस झालं, त्याची बाहेरची इलेक्ट्रॉनची कक्षा पूर्ण भरली, उजेड शोषायला जागाच उरली नाही. आणि गार होताना विटेसारखा लाल, गढूळ. हा लाल रंग आयनचा नाहीच, तांब्याचे अतिसूक्ष्म कण काचेत गोळा होतात त्यांचा आहे. मला चौथ्या वेळी जमलं, आधीचे तीन राखाडी किंवा यकृताच्या रंगाचे झाले. सोन्याची माणिकरंगी काचही याच जातीची, तिथे सोन्याचे नॅनो कण असतात. फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याच्या अशा बारीक कणांच्या रंगावर काम केलं होतं, आणि झिगमंडी म्हणून एक केमिस्ट काच कारखान्यात अशाच लाल काचेवर काम करता करता या कणांच्या मागे लागला आणि त्याला १९२५ चं नोबेल मिळालं.

कोबाल्ट

वरची ज्योत, आतली ज्योत, गरम, गार, काही करा, निळाच. जर्मन खाणकामगारांना हे खनिज चांदी न देता विषारी धूर द्यायचं म्हणून त्यांनी त्याला कोबोल्डचं म्हणजे खाणीतल्या भुताचं नाव दिलं. निळा रंग बिस्मथमुळे येतो अशी समजूत होती, ती १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या ब्रांटने खोडून काढली आणि हा वेगळा धातू आहे असं दाखवलं.

पण कोबाल्ट क्लोराइड पाण्यात तर गुलाबी असतं ना? तुमच्या बाटलीतलं द्रावण बघा, गुलाबीच आहे. मग मणी निळा कसा? इथेच सगळी गोम आहे. पाण्यात कोबाल्टच्या आयनभोवती सहा पाण्याचे रेणू उभे असतात, काचेत चारच ऑक्सिजन असतात. अशा धातूंच्या आयनमध्ये डी नावाच्या पाच कप्प्यांत काही इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्या ऊर्जेच्या पातळ्या आयन मोकळा असताना सारख्या असतात, पण शेजारी आले की त्या फुटून वर-खाली होतात, आणि खालून वर जायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्याच रंगाचा उजेड तो आयन खातो, उरलेला आपल्याला दिसतो. शेजारी किती, कोण, किती जवळ, यावर ते अंतर ठरतं. चार शेजाऱ्यांची मांडणी असली की हा उजेड खाण्याचा प्रकार कितीतरी जास्त जोरात चालतो, म्हणून एवढासा कोबाल्ट एवढा गडद.

निकेलचं तर आणखी मजेशीर आहे. सोड्याच्या काचेत तपकिरी, पोटॅशच्या काचेत जांभळा. धातू तोच, चार्ज तोच, फक्त काचेत सोडियमच्या जागी पोटॅशियम. हे मी घरी केलेलं नाही, निकेलचे क्षार मला घरात नको होते.

मँगनीज आणि लोखंड, एकत्रच बघा

परमँगनेटचा मणी वरच्या ज्योतीत छान जांभळा येतो, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा. हा परमँगनेटचा स्वतःचा जांभळा नव्हे बरं का, तो तापल्यावर केव्हाच मोडतो, हा मँगनीज थ्री प्लसचा. आतल्या ज्योतीत धरलात की बिनरंगी होतो, परत वरच्या ज्योतीत जांभळा. पाहुण्यांना दाखवायला हा मणी उत्तम, पाच-सहा वेळा असं मागेपुढे करता येतं.

हिराकसाचा मणी उलट. तीन-चार थेंब लागतात. वरच्या ज्योतीत गरम असताना पिवळा-तपकिरी, गार झाला की फिकट पिवळा, काही वेळा रंग आहे की नाही अशी शंका येते. आतल्या ज्योतीत बाटलीसारखा हिरवा. म्हणजे लोखंड थ्री प्लस फिकं, टू प्लस गडद, आणि मँगनीज थ्री प्लस गडद, टू प्लस जवळजवळ बिनरंगी. फिके दोघे कोण? दोघांच्याही डी मध्ये बरोबर पाच इलेक्ट्रॉन, पाच खोल्यांत एकेक. कोणी हलायचं म्हटलं तर स्वतःची फिरकी (स्पिन) उलटी करावी लागते, आणि ते सहजासहजी होत नाही, म्हणून उजेड फार कमी खाल्ला जातो.

जुने काचवाले हे न शिकता वापरत होते. हिरवट काचेत थोडं मँगनीज घातलं की ते लोखंडाचं टू प्लसवरून थ्री प्लस करतं, वर उरलेला जांभळा हिरव्याला मारतो, आणि काच स्वच्छ दिसते, म्हणून मँगनीजला काचेचा साबण म्हणायचे. पण अशी जुनी बाटली वर्षानुवर्षं उन्हात पडली की अतिनील किरणांनी मँगनीज परत थ्री प्लस होतं आणि बाटली जांभळी पडते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा परड्यात अशी बाटली मिळाली तर फेकू नका. आता कारखान्यात यासाठी सेलेनियम आणि किंचित कोबाल्ट घालतात.

तुलनेसाठी एक मणी साध्या मिठाच्या पाण्याचा पण करा. ज्योत पिवळीजर्द होईल पण मणी बिनरंगीच राहील, सोडियमला डी इलेक्ट्रॉनच नाहीत.

उरलेलं

द्रावणं मोरीत ओतायची नाहीत, मोरचूद माशांना फार वाईट आणि आपली मोरी शेवटी गोदावरीलाच जाते. उघड्या डब्यात वाळवा आणि राहिलेली पूड ओळखीच्या कॉलेजच्या लॅबला देऊन टाका. तारेवर चिकटलेला मणी काढायला जुन्या भांड्यात गरम पाण्यात उकळा, विरघळतो. ते पाणीसुद्धा त्याच डब्यात.

आणि म्हणूनच केलेले मणी उघडे ठेवू नका. टाकणखाराची काच हवेतलं पाणी ओढते. मी तारेसकट थर्माकोलमध्ये टोचून शोकेसमध्ये ठेवले होते, जुलैत पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत सगळ्यांवर पांढरी बुरशीसारखी पुटं चढली. आता झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत ठेवते, तळाला निळी सिलिका जेल. तिच्यातही कोबाल्टच असतो, कोरडी असताना निळी, पाणी पिऊन भरली की गुलाबी. ऑगस्टमध्ये माझी गुलाबी झाली होती, जुन्या तव्यावर मंद आचेवर परतली, वीस मिनिटांत परत निळी. तो तवा आता पोळ्यांना वापरत नाही.